घर दाखविण्यापूर्वी



या व्यासपीठावरून वेदान्त, राजकारण, साहित्य आणि विज्ञान यांवर भाषणे होतात. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची प्रथा घालून दिली तेव्हापासून तसेच चालत आले आहे. आज त्या ठिकाणी उभे राहून आम्ही भिंतीची ओल, मोरीचा पाझर आणि माळ्यावरची अडगळ यांविषयी बोलणार आहोत. चालकांना आमच्याकडून कामगार चळवळीवरचे भाषण हवे होते. हेही चळवळीवरचेच भाषण आहे, असे सांगून आम्ही त्यांची समजूत घातली.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या भोंग्यावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही युनियनचे काम करीत आलो. पूर्वी संध्याकाळी कार्यालयात माणसे यायची ती बडतर्फीची नोटीस नाही तर ओव्हरटाइमचा हिशेब घेऊन. अलीकडे ती प्लास्टिकच्या पिशवीत घराचे कागद घेऊन येतात. कोणी स्वेच्छानिवृत्ती घेतलेली असते, कोणाच्या घरात दुखणे शिरलेले असते, कोणाला गावी जाऊन उरलेले आयुष्य काढावयाचे असते. प्रश्न सर्वांचा एकच : "दादा, घर विकायला काढतोय. काय काय करू?"

पगारवाढीच्या वाटाघाटीला बसताना कामगाराच्या पाठीशी हजार माणसे असतात. घर विकताना तो एकटा असतो. जन्मात लाखांचा व्यवहार त्याच्या हातून दोनदा होतो, एकदा घेताना आणि एकदा विकताना. समोर बसलेला दलाल मात्र तोच व्यवहार आठवड्यातून दोनदा करतो. असा सामना बरोबरीचा नव्हे. म्हणून घर दाखविण्याआधी काय तयारी करावी, हा विषय आम्हाला फार जवळचा वाटतो.

आपल्याकडे घर पाहावयास कोण येते, ते प्रथम ध्यानात घ्यावे. परदेशांत घेणारा एखादा शिकलेला तपासनीस लावतो आणि तो लेखी अहवाल देतो, असे आम्ही वाचले आहे. आपल्याकडे घेणारा, त्याची बायको, तिचा भाऊ, एखादा बांधकामातला ओळखीचा मिस्त्री आणि दिशा पाहणारे एक गृहस्थ असा लवाजमा येतो. तो गेल्यावर, व्यवहार जुळत आला म्हणजे, बँकेचा वकील कागद पाहतो आणि बँकेचा मूल्यमापक टेप घेऊन भिंती मोजतो. लवाजमा डोळ्यांनी पाहतो, बँक कागदांनी पाहते. दोघांना पुरे पडेल अशी तयारी पाहिजे, आणि बहुतेक विकणारे फक्त पहिल्याची करतात.

आता भिंतीकडे वळू. सध्या वैशाख आहे. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया या घरखरेदीच्या हंगामात आपल्याकडच्या भिंती वर्षातल्या सर्वांत कोरड्या असतात, ही घेणाऱ्यांच्या दृष्टीने मोठी गैरसोयीची गोष्ट आहे. खरे म्हणजे घर श्रावणात पाहावे. पण श्रावणात पाहिले की लगेच पितृपक्ष येतो आणि व्यवहार पुढे ढकलला जातो. म्हणून ज्याला लपवावयाचे आहे तो चैत्रात रंग काढतो. रंगाच्या दुकानात फाल्गुन-चैत्रात जी गर्दी दिसते तिच्यातली थोडी तरी याच कारणाची असते, असे आमच्या ओळखीचा एक रंगारी हसत सांगत असे.

ओल म्हणजे एकच रोग नव्हे. जमिनीलगत दोन-तीन फुटांपर्यंत भिंत फुगते, पांढरी पूड सुटते आणि हात लावला की पोपडा पडतो, तो लोणा. जमिनीतले पाणी विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, येताना क्षार आणते. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहून गिलावा उखडतात. तळमजल्याला आणि जुन्या वाड्यांना हा रोग फार. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका डाग उतरतो तो बाहेरच्या भेगेचा किंवा छज्जाचा. तुळई आणि विटांची भिंत जेथे मिळते तेथे आडवी बारीक भेग पडतेच, कारण दोन्ही पदार्थ उन्हाने सारखे फुगत नाहीत. छतावर गोल, पिवळ्या कडेचा डाग असतो तो बहुधा वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचा किंवा गच्चीच्या कोब्याचा. यांतला कोणता ते ठरविल्याशिवाय मिस्त्रीला हात लावू देऊ नये. एक साधी युक्ती सांगतो. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या अंगाला दव धरले तर पाणी भिंतीतूनच येते. खोलीकडच्या अंगाला धरले तर ती कोंदट हवेची वाफ आहे आणि खिडकी उघडी ठेवल्याने निम्मे काम होईल.

उपायाचा क्रमही असाच आहे. आधी पाण्याची वाट बंद करावी, मग सडका गिलावा विटेपर्यंत काढावा, मग भिंत वाळू द्यावी, आणि रंग सर्वांच्या शेवटी. आमचे लोक नेमके उलटे करतात. आधी रंग, मग त्या रंगावर कपाट.

यापेक्षा गंभीर गोष्ट छताच्या सळईची. काँक्रीटमध्ये एक अल्कधर्म असतो, त्याच्या पोटात लोखंड सुरक्षित राहते. हवेतला कर्बद्विप्राणिद वायू वर्षानुवर्षे आत मुरत जातो आणि तो अल्कधर्म नाहीसा करतो. मग ओल मिळाली की सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. ती जागा तो वरचे काँक्रीट फोडून मिळवितो. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग दिसते, मग खपली पडते. काठीच्या टोकाने छत ठोकून पाहिल्यास निरोगी ठिकाणी टणक आवाज येतो आणि सुटलेल्या ठिकाणी पोकळ. अशा छताखाली कोणी प्लास्टर ऑफ पॅरिसचे नक्षीदार आढे लावून घर विकावयास काढले, तर त्याला आम्ही सजावट म्हणणार नाही. खाली कोणाचे तरी मूल निजणार आहे.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढची असेल तर दर ३ वर्षांनी तिची संरचना-तपासणी व्हावयास हवी. आपल्या संस्थेत ती झाली आहे काय, झाली असल्यास अहवालात काय लिहिले आहे, हे विकणाऱ्याने चिटणिसाकडे जाऊन आधी वाचावे. पुष्कळ ठिकाणी तो अहवाल कपाटात असतो आणि सभासदांना ठाऊक नसतो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे येतो.

आमच्या एका सभासदाने, त्यांना आपण फिटर म्हणू, आपला दोन खोल्यांचा फ्लॅट विकला. वायव्येकडच्या भिंतीला दरवर्षी आषाढात पाणी येत असे. दलालाने सांगितले, भिंतीला लाकडी भासणाऱ्या पट्ट्या ठोका, आठ दिवसांत काम होते. त्यांनी तसे केले. व्यवहार झाला, पैसे मिळाले. जुलैत त्या पट्ट्यांच्या मागून पाणी फरशीवर आले आणि आत काळी बुरशी निघाली. घेणारा होता आमच्याच युनियनचा, दुसऱ्या खात्यातला, पेंट-शॉपमधला तरुण. त्याच्या लहान मुलीला दम्याचा त्रास होता. दोघे एकाच संध्याकाळी आमच्यासमोर येऊन बसले. फिटर म्हणाले, "त्यानं पाहूनच घेतलंय. भिंत ठोकून बघायची होती." तरुण म्हणाला, "तुमच्यावर भरवसा होता म्हणून ठोकली नाही."

असा प्रसंग युनियनच्या माणसाला मालकाशी भांडण्यापेक्षा अवघड जातो. मालकाच्या बाबतीत आपण कोणत्या बाजूचे हे आधीच ठरलेले असते.

आम्ही कपाटातून मालमत्ता हस्तांतरण अधिनियम काढला. तो १८८२ सालचा आहे. इंग्रजांच्या अमदानीतला असला तरी त्याचे ५५ वे कलम आजही प्रत्येक घरविक्रीला लागू आहे, मात्र दोघांनी करारात काही वेगळे ठरविलेले नसले पाहिजे. विकणाऱ्याने घरातला किंवा आपल्या हक्कातला असा प्रत्येक महत्त्वाचा दोष घेणाऱ्यास सांगितला पाहिजे, जो त्याला स्वतःला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि साधारण काळजीने पाहूनही घेणाऱ्याला सापडणारा नाही, असा या कलमाचा आशय आहे. न सांगणे ही लबाडी ठरते, हेही तेथे स्पष्ट आहे. फिटरांची फट या 'साधारण काळजी'त होती. उघड्या भिंतीवरचा डाग घेणाऱ्याने पाहिला नाही, तर तो त्याचा आळस. पट्ट्या ठोकून झाकलेला डाग साधारण काळजीने दिसावा कसा? झाकण्याच्या क्षणी दोष सांगण्याची जबाबदारी अधिक घट्ट होते, हलकी होत नाही. हे आम्ही त्यांना समजावून सांगितले. तीन बैठका झाल्या. शेवटी बाहेरची भेग भरून घेण्याचा आणि आतल्या नव्या गिलाव्याचा सगळा खर्च फिटरांनी दिला. कोर्ट टळले. पण दोघे पूर्वी एका बसने जात, ते पुढे वेगवेगळ्या बसने जाऊ लागले.

त्याच कलमात घेणाऱ्यावरही एक बंधन आहे, ते कोणी वाचीत नाही. विकणाऱ्याचा मिळकतीतला हक्क किती आणि कसा आहे, याविषयी किंमत बरीच वाढवील अशी एखादी गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असेल आणि विकणाऱ्याला ठाऊक नसेल, तर घेणाऱ्यानेही ती सांगितली पाहिजे. मोठ्या किमतीच्या हक्काची माहिती नसल्यामुळे अडाणी माणसाकडून घर स्वस्तात घेणे, ही चतुराई कायद्याला मान्य नाही. कामगारांच्या अभ्यासवर्गात आम्ही हे कलम आवर्जून शिकवितो.

दुसरे उदाहरण एका टर्नरच्या घरातले. त्यांच्याही छताला न्हाणीचा पाझर होता. झाकण्याची सूचना त्यांनाही झाली. तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "घेणारी बाईसुद्धा तिचं लेकरू त्याच कोपऱ्यात निजवील." एवढ्यावर प्रश्न मिटला. मग त्यांनी काय केले ते ऐकण्यासारखे आहे. मागल्या ऑगस्टमध्ये मुलाने भ्रमणध्वनीवर काढलेली डागाची छायाचित्रे त्यांनी जपून ठेविली होती. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला बोलावून ट्रॅपचा सांधा दुरुस्त करून घेतला; आपल्या न्हाणीची आतली गळती ज्याची त्याने आपल्या खर्चाने काढावयाची, असा उपविधींचा दंडकच आहे, म्हणून शेजाऱ्यालाही कुरकुर करता आली नाही. मग वरच्या न्हाणीत दोन दिवस पाणी कोंडून ठेवून खाली छत पाहिले. दुरुस्तीची पावती आणि आधीची छायाचित्रे एका पाकिटात घालून येणाऱ्या प्रत्येकापुढे ठेविली. दलालाने कपाळाला हात लावला. पहिले दोघे परत गेले. तिसऱ्याने पाकीट चाळले आणि म्हटले, "हे दाखवताय म्हणजे बाकीचं लपवत नसाल." त्याने भावात फारशी घासाघीस केली नाही. सर्वांचे असेच होईल असे आम्ही म्हणत नाही. प्रामाणिक माणसाला दोन गिऱ्हाइके जास्त गमवावी लागतात, हे खरेच आहे. ज्याला पंधरा दिवसांत इस्पितळाचे पैसे भरावयाचे आहेत त्याला ती गमावणे परवडत नाही, आणि दलालाचे जोर चालतात ते तेथेच. म्हणून घर विकावे लागेल असे दिसू लागताच, पैशांची गरज उंबऱ्यावर येण्याआधी, तयारी सुरू करावी. घाईत असलेल्याचे घर दरवाजातूनच ओळखू येते.

आमच्या घरी हे घडलेले आहे. आमचे वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. तो गिरण्यांसाठी आणि चाळींसाठी काय ठरला ते सांगावयास नको. दहा बाय बाराची खोली पागडीने दिली गेली. त्या काळी, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली, पागडी घेणे हाच गुन्हा होता. म्हणून पावती नाही, साक्षीदार नाही, आणि चाळमालकाने हिस्सा म्हणून जे कापून घेतले त्याचाही कागद नाही. वडिलांना घासाघीस करण्यास तोंडच नव्हते. पागडीच्या हस्तांतरणाला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. ज्या व्यवहाराचा कागद होत नाही त्यात नेहमी दुबळाच बुडतो, हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी पाहिले.

खर्च किती करावा? फार थोडा. बारा वाजता दारावर येणाऱ्या माणसाला दिवे लागतात का, नळाला पाणी येते का, दाराची कडी बसते का, हे कळावे. गळका नळ, जळालेले बटण, फुटलेली काच, घासणारे दार, मोरीचे तुंबलेले तोंड, ही कामे थोडक्यात होतात आणि ती न केल्यास घेणारा मनात म्हणतो की, जो बटण बदलीत नाही त्याने वायरिंगकडे काय पाहिले असेल? दाराच्या चौकटीवर बोटांनी ठोकून वाळवी पाहावी. भिंतीवर मातीची बारीक वाट दिसली तर ती पुसून टाकण्यात अर्थ नाही, औषधच घालावे लागते. भिंतींना साधा पांढरा किंवा मोतिया हात द्यावा. पण नवी फरशी, नवा ओटा, नवी कपाटे, हे दलालाचे सल्ले मनावर घेऊ नयेत. आमच्या एका सभासदाने निवृत्तीच्या रकमेतून स्वयंपाकघर नवे केले. घेणाऱ्याबरोबर ते दिशा पाहणारे गृहस्थ आले आणि म्हणाले, ओटा पूर्वेला हवा. पहिल्याच आठवड्यात तो नवा काळा दगड फोडून अंगणात टाकलेला होता. सभासदाच्या पत्नी त्या बाजूने जाणे टाळीत.

अडगळ मात्र काढावी. कोणी घर सोडून जाणार म्हणून नव्हे, तर माळ्यावरच्या ट्रंका, सतरंज्या, मोडका पाळणा आणि मुलांच्या सगळ्या इयत्तांची पुस्तके यांच्यामागे भिंत दिसत नाही. हे काम बायांच्या माथी पडते. दिवसभर घर आवरावयाचे, संध्याकाळी परक्या माणसांनी कपाटे उघडून पाहावयाची, आणि पुन्हा चहा त्यांनीच करावयाचा. आम्ही सांगतो की घर दाखविण्याचे दोन वार आणि दोन तास ठरवून द्यावेत. वाटेल त्या वेळी दलालाने कोणालाही घेऊन यावे, ही पद्धत मान्य करण्याचे कारण नाही. घर विकावयास काढले म्हणजे ते धर्मशाळा होत नाही. देवघर आणि औषधांचे कपाट उघडण्याचा हक्क कोणालाही नाही.

येथेच एक कडू गोष्ट बोलून टाकतो. घर पाहावयास आलेल्या माणसाला आडनाव विचारून मग किंमत सांगण्याची, किंवा 'घर दिले गेले' असे खोटेच सांगून त्याला परत पाठविण्याची रीत आपल्या नगरात आहे. मोर्चात ज्याच्या खांद्याला खांदा लावला त्याला जिन्यावरूनच वळविणारे आमचे सभासदही आहेत. त्यांना आम्ही स्पष्ट सांगितले आहे की, असल्या विक्रीचे कागद घेऊन आमच्याकडे येऊ नका.

आता कागद. बँकेचा वकील जे मागणार ते आपण आधी एका फाइलीत लावावे. आपले खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन, त्याच्या आधीच्या मालकांच्या करारांची सगळी साखळी, संस्थेचे भागपत्र, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची आणि विजेची शेवटची पावती. साखळीतला एखादा कागद हरवला असेल तर तो आज शोधावा. नोंदलेला असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. घरावरचे कर्ज फिटले असेल तर मूळ कागद बँकेकडून आणावेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावयाचे आहेत, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हे ऐकल्यावर बँकेच्या बाकावर बसून राहणाऱ्या माणसाची पाठ जरा ताठ होते, असा आमचा अनुभव आहे.

घर वडिलांच्या नावाचे असेल तर फार सांभाळून. संस्थेत ज्याचे नाव नामनिर्देशनात आहे तो मालक होत नाही. वारसांचे हक्क तसेच राहतात. बहिणी सासरी गेल्या म्हणून त्यांचा हक्क गेला नाही. त्यांच्याशी बोलणे घेणारा येण्याआधी व्हावे, घेणारा दारात उभा असताना नव्हे. हक्कसोडपत्रावर सही द्यावयाची की हिस्सा घ्यावयाचा, ते त्यांनी ठरवावे, भावाने नव्हे.

पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणातल्या घरांचे आणखी एक वेगळेपण आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने भूखंड दिले ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. म्हणजे आपण ज्याला घराचे मालक म्हणतो तो जमिनीच्या दृष्टीने पट्टेदार आहे. २०२१ मध्ये ते प्राधिकरण विसर्जित झाले आणि त्याचे काम व दप्तर दुसऱ्या यंत्रणांकडे गेले. आपला पट्टा कोणत्या कार्यालयाच्या दप्तरात आहे आणि हस्तांतरणासाठी काय भरावे लागते, हे तेथे जाऊन लेखी विचारावे आणि मगच किंमत बोलावी.

नकाशाविषयी दोन शब्द. गॅलरी आत घेतलेली, मधली भिंत काढलेली, मोरी सरकविलेली घरे आपल्याकडे सर्रास दिसतात. बँकेचा मूल्यमापक मंजूर नकाशा शेजारी धरून पाहतो. भिंत काढली असेल आणि ती भार पेलणारी असेल, तर ती गोष्ट घेणाऱ्याला सांगण्याच्या यादीत सर्वांत वर हवी. चटई-क्षेत्र आपणच टेपने मोजून ठेवावे. दलालाने जाहिरातीत दिलेला आकडा जिना, गच्ची आणि हवा धरून केलेला असतो.

संस्थेला हस्तांतरणाचे शुल्क द्यावे लागते, त्याची महानगरपालिकेच्या हद्दीतली कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्याहून अधिक कोणी विकासनिधी, देणगी अशा नावाखाली सक्तीने मागितल्यास ते नियमाला धरून नाही. आणि रोख रकमेवर, नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर देण्याच्या फंदात पडू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगून ठेविले आहे की अशा कागदाने मालकी जात नाही. ती जाते नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणारा १ टक्का कर कापून भरतो, त्याची पावती मागून घ्यावी. प्राप्तिकराचे बाकीचे गणित हिशेबनिसाला विचारावे; आम्ही ते येथे सांगू लागलो तर सभा उठेल.

विसार घेतल्यापासून ताबा देईपर्यंत घराची काळजी घेणे विकणाऱ्याकडेच असते. 'आता आपले काय उरले' असे म्हणून टाकी वाहू देणे, पंखे-दिवे उतरवून नेणे, हे तंट्याचे मूळ आहे. काय राहणार आणि काय जाणार, गीझर, पंखे, पडद्यांचे दांडे, याद्या साठेखताबरोबरच कराव्यात. ताब्याच्या दिवशी दोघांनी विजेच्या मीटरचा आकडा वाचून तारखेसह लिहून ठेवावा. पाणी कोणत्या वेळी येते, मुख्य तोटी कोठे आहे, कोणत्या खिडकीतून पश्चिमेचा पाऊस आत येतो, हे एका कागदावर लिहून चावीबरोबर द्यावे. टर्नरच्या पत्नींनी असा कागद दिला होता. शेवटी त्यांनी लिहिले होते की, शेजारच्या आजींना ऐकू कमी येते, बेल दोनदा वाजवावी.

आता कोणाला काही विचारावयाचे असल्यास विचारावे. घराचे कागद बरोबर आणलेल्या दोघातिघांना आम्ही मघाशी पाहिले आहे. त्यांनी सभेनंतर थांबावे.